काइची दुसरी टाळी

जानेवारी. नऊ वाजले तरी खिडकीत काळोखच बसलाय.
भिंतीलगत अकरा बुटांच्या जोड्या, ठिबकताहेत.
मी म्हणते, हात हनुवटीखाली धरा,
शब्द सावकाश बोला,
हनुवटी जितक्यांदा हातावर टेकेल
तितके त्याचे तुकडे.
मग तितक्या टाळ्या.

आमच्याकडे हिम म्हणजे लुमी. लु. मी. दोन.
कोळी म्हणजे हॅमॅहॅक्की. हॅ. मॅ. हॅक्. की. चार.
"म्हणजे एका टाळीला दोन पाय," रेइनो म्हणतो.
एकतीस वर्षं शिकवतेय,
मला हे सुचलं नव्हतं.

फुलापाशी सगळे अडखळतात. कुक्का.
मधला क कुणाचा, आधीच्या टाळीचा की नंतरच्या?
दोघींचा.
एक क पाय मोडून अलीकडे थांबतो,
दुसरा पलीकडे उडी मारतो,
आणि मध्ये जो श्वास अडतो, तोही शब्दातलाच.
तो गाळलात तर कुका होतं, म्हणजे "कोण?"
फूल जातं, नुसता प्रश्न उरतो.

मग नावं.
ताइ-मी. रेइ-नो.
आन्-नुक्-का तीन टाळ्या वाजवून
राणीसारखी खाली बसते.
काइ उभा राहतो.
हनुवटी एकदाच टेकते.
तो पुन्हा करून बघतो, ताणून, तोंड वाकडं करून,
का आणि इ यांच्यात बोट घालून जणू.
एकच.

"सगळ्यांना दोन, मला एकच का?"

मी म्हणते, अरे, मोठ्या गोष्टींना एकच टाळी असते.
रात्र बघ, यो. संपता संपत नाही, पण एकच.
चंद्र, कू. जमीन, मा.
ही एवढी थोरली दलदल, जिच्यात रेनडिअर बुडतो,
तिलाही एकच.
तो ऐकून घेतो. मग म्हणतो,
"पण त्यांना वर्गात उभं राहावं लागत नाही."

यावर माझ्याकडे काही नव्हतं.
मी फळा पुसला. तो पुसलेलाच होता.

गुरुवारी तो एक खोकं घेऊन आला, दोरीसकट, न उघडलेलं.
त्याची आई बोथ्नियाच्या आखातात
बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजावर स्वयंपाक करते,
मार्च सरेपर्यंत घरी नसते.
आत लोकरी मोजे असणार, दाबून बघितलं की कळतं.
त्याला मोज्यांचं काही नव्हतं.
त्यानं वरचं अक्षर दाखवलं, निळ्या पेनानं, तिरकं,
डोलत्या टेबलावर लिहिलेलं:
काइल्ले.
काइला.

हात हनुवटीखाली.
काइल्. ले.
वर्ग गप्प. बुटांचं ठिबकणं तेवढं.
पुन्हा, या वेळी टाळ्यांनी.
एक ल पाय मोडून त्याच्यापाशी थांबलेला,
एक तिकडे, जिथून खोकं निघालं.
दोन.

ताइमी लगेच, "हे नाव नाहीये!
हे नावाला शेपूट लावलंय! असं धरत नाहीत!"
ताइमीचं बरोबर होतं.
नियम माझाच, सोमवारी मीच सांगितलेला,
फळ्याच्या कोपऱ्यात अजून होता.
मी म्हटलं, पान चौदा उघडा.

काइनं दोरी सोडली नाही.
खोकं मांडीवर ठेवून त्यानं पान चौदा वाचलं,
एकेक तुकडा, घाई नाही,
मध्ये थांबत,
थांबायची परवानगी असल्यासारखा.

संध्याकाळी केटली ठेवली
आणि हात आपोआप हनुवटीखाली गेला.
आउ-ने. मी.
आउ-नेल्-ले. मला. तीन होतात.
पेटीत विजेचं बिल आलं होतं.
त्यावर नुसतं नाव.
दोनच.